गंगेत सोडलेला नारळ

गंगाखेड, ४ जून १९५०, रविवार

मेहुणे दुपारच्या गाडीने परत गेले. बहिणीच्या दुःखाला आले होते, जाताना सासूबाईंचा निरोप ठेवून गेले. यमुना गेली, आता पोरीला मोगलाईत कोणाच्या जिवावर ठेवतोस, असा तो निरोप. संक्रांतीच्या सुमाराला मी स्वतः येईन, म्हणतात. पोर आपल्या वळणाची राहिली असली तर बघू, रानटी झाली असली तर वेंगुर्ल्याला घेऊन जाईन.

निजामाचे राज्य बुडून दीड वर्ष उलटले, पण सासूबाईंच्या लेखी ही अजून मोगलाईच, म्हणजे साता समुद्रांपलीकडचा मुलुख. त्यांनी शेवंतीला चार वर्षांत पाहिलेले नाही. मध्ये रझाकारांचा गोंधळ होता, तेव्हा गाडीत बसायची सोय नव्हती. यमुना फाल्गुनात तापाने गेली, तेव्हा त्या स्वतःच अंथरुणावर होत्या.

त्यांचे बोलणे अगदीच चूक नाही. मी कापसाच्या जिनात इंजिनाचा मिस्त्री. दिवसभर हात तेलात. आठ वर्षांच्या मुलीला काय शिकवणार? पण शेवंती गेली तर या घरात मी आणि स्टोव्ह उरू. स्टोव्हशी किती बोलणार?

म्हणून ठरवले, यमुना वर्षात जे सण करायची ते सगळे करायचे, आपल्या पद्धतीने, काही गाळायचे नाही. सबंध इंजिन खोलून परत जोडणाऱ्याला सण जोडता येऊ नये असे काही नाही. काय केले ते लक्षात राहावे म्हणून ही वही.

१९ जून

शेवंती आज म्हणाली, "बाबा, लय भूक लागलीय. तुमी काय करायलाव?" मी म्हणालो, लय नाही, खूप म्हण. तुमी नाही, तुम्ही. ती म्हणाली, "मग म्हाळसामावशीला कसं कळंल?"

म्हाळसाबाई म्हणजे शेजारीण. नवरा उमाजी मेंढरे राखतो, नदीकडेला त्यांचा शेताचा एक तुकडा आहे. हंगामात ती आमच्या जिनात कापूस टाकायला असते, एरवी खुरपायला जाते. मी कामावर असतो तेव्हा शेवंती तिच्यामागे हिंडते. बाई मनाची चांगली, पण आवाज असा की इंजिन चालू असले तरी ऐकू येतो. पोरीची भाषा तिथेच बिघडते आहे. आजीसमोर "लय" निघाले की संपलेच.

२७ ऑगस्ट, नारळी पौर्णिमा

समुद्र नाही म्हणून सण सोडायचा नाही. इथे गोदावरीला गंगाच म्हणतात आणि सध्या ती तुडुंब आहे. बाजारात नारळ मिळाला, जुना, हलवला तर आत पाण्याचा थेंब नाही. त्याला हळदकुंकू लावले, शेवंतीला यमुनेच्या लुगड्याचा शिवलेला परकर नेसवला आणि घाटावर गेलो. म्हाळसाबाई मागोमाग आलीच.

शेवंतीने दोन्ही हातांनी नारळ सोडला. धारेला लागेपर्यंत तो घाटाशी घुटमळत होता. म्हाळसाबाई म्हणाली, "मिस्त्री, चांगलं नारळ पाण्यात घातलंव. चटणी तरी झाली असती." देवाच्या कामात चटणी आणणाऱ्या बाईला काय सांगायचे?

परतताना शेवंतीने विचारले, "बाबा, ह्यो आजीला पोचंल का?" मी हो म्हणालो. समुद्राला पाणी जाते, समुद्रावर वेंगुर्ला आहे, आजी बंदरावर जाईल तेव्हा सापडेल, असेही जोडून दिले. आता लिहायला बसलो तेव्हा लक्षात आले की गंगा पूर्वेला जाते आणि वेंगुर्ला पश्चिमेला. पण पोर खुशीत झोपली आहे. राहू दे.

१५ सप्टेंबर, गणेशचतुर्थी

आमच्याकडे कोकणात गणपतीच्या डोक्यावर माटोळी बांधतात. लाकडी चौकट छताला टांगायची आणि तिला रानातली फळे, पाने, फुले लटकवायची. रानातली फळे म्हणजे आमच्या रानातली. इथे त्यांतले एकही नाही. मी चौकट लोखंडी सळयांची केली, भक्कम झाली. मग उमाजीने आणून दिले ते बांधले: काकड्या, मुगाच्या शेंगा, अंबाडी, कपाशीची हिरवी बोंडे. मधोमध शेवंतीने न विचारता मेंढीच्या गळ्यातली घंटी बांधली. काढ म्हणालो तर डोळ्यांत पाणी. राहू दिली.

आळीतली माणसे बघायला आली आणि गणपतीपेक्षा चौकटीकडेच जास्त बघून गेली. उमाजी बराच वेळ वर बघत होता. म्हणाला, "पडायचं न्हाई ना देवावर?" मी म्हणालो, हिच्यावर तू लोंबकळलास तरी पडणार नाही. शेवंती हसली. यमुना असती तर तीही हसली असती. आज तिची फार आठवण झाली.

९ नोव्हेंबर, दिवाळी

आज फजिती झाली. पहाटे आंघोळीनंतर तुळशीपुढे डाव्या पायाच्या अंगठ्याने कारीट फोडायचे असते. कारीट हे लहानसे कडू फळ, तो नरकासुर समजायचा. परवा शेवंतीला सांगितले की शेतात वेलीला लहान फळे असतात, एक आण. ती आणि म्हाळसाबाई मिळून ओटीभर शेंदाडे घेऊन आल्या. दिसायला तशीच, पण खायची, आंबटगोड. मी पाय उचलला तशी म्हाळसाबाई कुडापलीकडून ओरडली, "आन् खायाचं फळ पायानं चिरडायलाव? दिवाळीचं? काय म्हणावं तुमाला."

मी म्हणालो हा राक्षस आहे. शेवंतीने एक उचलून खाल्ले आणि म्हणाली, "गोड हाय बाबा राक्षस."

उमाजी समजुतीने एक इंद्रावण घेऊन आला, हे कडू आहे म्हणाला. कडू होते हे खरे, पण चेंडूएवढे. मी अंगठा टेकवून जोर दिला तसे ते निसटले आणि मी तुळशीपाशी पाठीवर आपटलो. इंद्रावण घरंगळत उमाजीच्या मेंढराकडे गेले, त्यानेही तोंड लावले नाही. कंबर दुखते आहे. सण झाला असे म्हणता येईल की नाही, मला सांगता येत नाही.

३ डिसेंबर

जिन जोरात आहे. पट्टा दोनदा तुटला. वही लिहायला सवड नाही.

शेवंतीच्या शाळेत आता नद्या चालू आहेत. रात्री पाठांतर घेतले. "गोदावरी नदी त्र्यंबकेश्वराजवळ उगम पावते आणि पूर्वेकडे वाहत जाऊन बंगालच्या उपसागरास मिळते." सगळे शुद्ध म्हणाली, एकदाही "लय" नाही. शेवटी थांबून माझ्या तोंडाकडे बघत राहिली. पुढचे विसरलीस का, विचारले. नाही म्हणाली आणि पुस्तक मिटले. शाळा चांगली आहे.

२४ डिसेंबर

सासूबाई नक्की येणार, मेहुणे घेऊन येतील, असे पत्र आले. संक्रांतीच्या आधी दोन दिवस पोचतील.

शेवंतीची तयारी घेतो आहे. आजीशी आपल्या बोलीत बोलायचे: मला नाही, माका; तुला नाही, तुका; कुठे नाही, खय; कशाला नाही, कित्याक. ती म्हणते आणि लगेच विसरते. तिला आता आपली बोली परकी झाली. मला स्वतःलाही मध्येमध्ये आठवावे लागते. कोणाशी बोलणार? यमुनेशी बोलायचो.

पोर सावळी झाली आहे. उन्हात हिंडते, पायात काही घालत नाही. केस म्हाळसाबाई विंचरते, घट्ट तेल चोपडून. आजी बघेल तेव्हा पहिले काय म्हणेल ते मला इथूनच ऐकू येते.

६ जानेवारी १९५१

उद्या येळवस, वेळ अमावास्या. जिन बंद. शेठजींनी बंद ठेवले असे नाही, कामाला येणारच कोणी नाही. इथे या दिवशी सगळे गाव शेतावर जेवते. घरागणिक बायका आंबिलीची मडकी घेऊन निघतात, शेतात कडब्याची कोप, म्हणजे खोपटे, करतात, चुना लावलेले पाच दगड मांडून पूजा करतात आणि बांधावरून जाणाऱ्याला जेवल्याशिवाय सोडत नाहीत. यमुना असताना आम्ही गेलो नव्हतो. आमचा सण नव्हे.

शेवंतीने म्हाळसाबाईबरोबर जाऊ का विचारले. नाही म्हणालो. आजी आठवड्यावर आली, घर सारवायचे आहे, तुझे बोलणे अजून जमत नाही. शिवाय आजीला कळले तर म्हणेल, आपले सण सोडून दुसऱ्यांच्या शेतात जेवते.

शेवंती जेवली नाही. न रडता भिंतीकडे तोंड करून पडली, त्याचा जास्त त्रास होतो.

७ जानेवारी, येळवस

आजचे सगळे नीट लिहायचे आहे.

सकाळी म्हाळसाबाई डोक्यावर मडके घेऊन दारात उभी. "मिस्त्री, पोरगी कुठं हाय? चला की."

मी म्हणालो, आम्ही येत नाही.

"येळवसाला गावात कोण ऱ्हातंय? भुतं बी शेतात जात्यात. ती मडकं धरून पुढं चालायची म्हणून आठ दिस झालं माझ्या मागं लागलीय. तिला कोंडून तुमी काय करणार? पिठल्याचा गोळा खाऊन बसणार दोघं?"

पिठल्याचे तिने बरोबर ओळखले. शेवंती माझ्याकडे बघत होती. मी म्हणालो, तू जा, दुपारपर्यंत ये. पुढचे ऐकायला ती थांबलीच नाही.

मग मी घरात बसलो. जिन बंद, रस्ता रिकामा, समोरच्या दुकानाला फळी. मला असा शांतपणा सोसत नाही. आजी हिला घेऊन गेल्यावर घर असेच असेल, हे मनात आले आणि कुलूप लावून निघालो.

उमाजीचे नदीकडेचे शेत स्टेशनच्या रस्त्यालाही लागून आहे. ज्वारी कमरेच्या वर, हरभरा घाट्यावर. उमाजीने मला घोंगडीवर बसवले. बेसन लावलेली भाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, वर आंबील. आंबील आंबट आणि थंडगार, लय चांगली. मी तीनदा घेतली.

पोरे रस्त्यावर उभी होती, येणाऱ्याजाणाऱ्याला अडवायला. हे त्यांचे काम. इकडे आमचे जेवण चालू असताना तिकडे काय झाले ते मला मागून कळले, पण क्रमाने लिहितो.

सासूबाई आजच आल्या होत्या. मुंबईची बोट आधी मिळाली म्हणून पाच दिवस लवकर निघाल्या. मेहुणे त्यांना स्टेशनवर बसवून टांगा बघायला गावात गेले. टांगा नाही. माणूस नाही. दुकाने बंद, घरांना कुलपे, माझ्याही. सगळी आळी पालथी घातली, एक म्हातारे कुत्रे तेवढे भेटले. इकडे सासूबाईंनी स्टेशनवरच्या हमालाला विचारले, माणसे कुठे गेली? तो म्हणाला, सगळी शेतात गेलीत, आणि तोही भाकरीचे फडके घेऊन चालू लागला. सासूबाईंनी वेंगुर्ल्यात ऐकले होते की रझाकार आले तेव्हा इथले लोक घरे टाकून शेतात लपले. त्यांनी हिशेब केला: परत आले. गाठोडे काखेत मारले आणि रुळाच्या कडेने निघाल्या, मुंबईच्या दिशेने, असे त्यांचे म्हणणे.

रूळ उमाजीच्या शेताजवळून जातो. पोरांनी म्हातारी बघितली आणि आरडत धावली. आजी, थांब, थांब. सासूबाई पळू लागल्या. साठी उलटलेली बाई नऊवारीचा ओचा खोचून हरभऱ्यातून पळत होती, हे मी स्वतः पाहिले, पण लांबून ओळखले नाही.

बाकीची पोरे दमून थांबली. एक मुलगी मात्र पुढे गेली, म्हातारीच्या आडवी उभी राहिली आणि पाया पडली. मग तिने काखेतले गाठोडे स्वतःकडे घेतले, हात धरला आणि तिला आमच्याकडे आणू लागली. बोलणे ऐकू यायला लागले.

"भिऊ नको माय. येळवसाला उपाशी जाऊ ने. आमच्या कोपीत बस, पाणी पी, जेव, मग जा कुठं जायाचं ती."

"चेडवा, रझाकार खय आसत?"

"ती कोण? जेवल्यात का ती?"

सासूबाई मटकन कोपीत बसल्या. म्हाळसाबाईने त्यांच्या पायावर पाणी घातले. मुलीने पत्रावळ मांडली, भज्जी वाढली, आंबिलीचा वाडगा त्यांच्या हातात दिला आणि त्या पिईपर्यंत समोर उकिडवी बसून राहिली. जवळून मी त्यांना ओळखले आणि घोंगडीवरून उठून उभा राहिलो. सासूबाईंचे माझ्याकडे लक्ष नव्हते. दम खाऊन त्यांनी मुलीच्या डोक्यावर हात ठेवला.

"कोणाचा गो चेडू तू? आवशीन बरा वळण लावल्यान तुका."

"आय न्हाई मला," शेवंती म्हणाली. "मी मिस्त्रीची हाय."

सासूबाईंचा हात तिथेच राहिला. मग त्यांनी तिची हनुवटी धरून तोंड वर केले आणि बराच वेळ बघितले. यमुनेचे नाव घेऊन त्या रडल्या. शेवंती पहिल्यांदा घाबरली, मग तिला उमगले आणि तिला शिकवलेले सगळे एकदम आठवले. म्हणाली, "आजी, माका तू लय आवडलीस." मी डोळे मिटून घेतले. सगळी मेहनत त्या एका शब्दाने वाया गेली.

संध्याकाळी मेहुणे आले, घामाघूम. गावात कुत्रेसुद्धा धड नाही म्हणाले. म्हाळसाबाईने त्यांनाही बसवले.

९ जानेवारी

शेवंतीला नेण्याबद्दल सासूबाई अजून काही बोलत नाहीत. मी त्यांना माटोळीची चौकट दाखवली, अजून टांगलेली आहे. त्यांनी घंटी वाजवून बघितली. दिवाळीचे सांगितले, पडलो ते गाळून. ते शेवंतीने सांगितले. सासूबाई पदर तोंडाला लावून हसत राहिल्या. दुपारी त्या आणि म्हाळसाबाई ओसरीवर बसून बोलत असतात. एकीचे दुसरीला निम्मेही कळत नसावे, पण खंड पडत नाही.

आज जेवताना शेवंतीने विचारलेच. "आजी, मी गंगेत नारळ सोडला होता तुला. पोचला का?"

माझा घास हातात राहिला. हे खोटे आता उघडे पडणार. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिले, मग शेवंतीकडे. उठल्या, गाठोडे सोडले आणि एक नारळ काढून तिच्या मांडीवर ठेवला.

"पावलो गो. ह्यो बघ. तोच घेऊन इलंय."

शेवंतीने नारळ कानाशी धरून हलवला. आत पाणी भरपूर वाजले. आमचा तर खडखडीत होता. ती हसली आणि आजीला बिलगली. पोर भोळी आहे, तिने पाण्याचा विचारही केला नाही.

१४ जानेवारी, संक्रांत

तिळगूळ झाला. उद्याच्या गाडीने जायचे असे मेहुणे म्हणाले. कोण कोण जायचे ते म्हणाले नाहीत. मी विचारले नाही. विचारले तर उत्तर येईल.

शेवंती म्हाळसाबाईकडे गेलेली असताना तिची पेटी भरली. परकर, पोलकी, पाटी, पुस्तक. घंटी काढून मध्ये गुंडाळून ठेवली. पोर तिथे बरी राहील. समुद्र आहे, मासे आहेत, आजी आहे. हे मी स्वतःला दिवसभर सांगतो आहे आणि मला ते पटत नाही.

१५ जानेवारी

पेटी दाराशी ठेवली होती. स्टेशनला निघताना सासूबाई तिला वळसा घालून गेल्या. विसरल्या असे वाटून मी ती डोक्यावर घेतली आणि मागून चाललो. म्हाळसाबाई आणि उमाजी आले होते. म्हाळसाबाईने सासूबाईंना वाटेसाठी उंडे दिले आणि प्रथमच तिचा आवाज बारीक होता.

गाडी आली. मेहुणे चढले, सासूबाई चढल्या. मी पेटी वर द्यायला हात उचलले. सासूबाई म्हणाल्या, "ती कित्याक?" आणि खिडकीतून हात घालून शेवंतीचा गाल धरला.

"आजी, पुढच्या बारीला बी सोडू का नारळ?"

"सोड. दर वर्सा सोड. मी बंदरार वाट बघतंय."

शिट्टी झाली. गाडी हलली तरी मी पेटी घेऊन उभाच होतो. उमाजीने ती माझ्या हातातून काढून खाली ठेवली. म्हणाला, "मिस्त्री, चला. पोरगी राह्यली." मला तेव्हा कळले. मी तिथेच पेटीवर बसलो आणि फलाटावरच्या सगळ्या लोकांसमोर रडलो. त्याची मला लाज वाटत नाही.

त्यांचे मन कशाने वळले ते नक्की सांगता येत नाही. माझ्या मते माटोळीनेच. चौकट त्यांनी फार निरखून पाहिली होती.

घरी येऊन घंटी परत टांगली. शेवंतीने त्या नारळाची चटणी करायला म्हाळसाबाईला दिली, अर्धी आमच्यासाठी ठेवली. जेवताना ती म्हणाली, "बाबा, औंदाच्या पुनवेला ताजा नारळ आणा. लांब जायचाय त्याला."

मी हो म्हणालो. गंगा कुठल्या बाजूला जाते ते तिला एवढ्यात सांगणार नाही. कळेल तेव्हा कळेल.